फोन लोगोवर अडकला तर: संगणकावरून काय करता येतं आणि कुठे थांबायचं

"सॉफ्टवेअर मारावं लागेल, डेटा जाईल." मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं असतं. फोन कंपनीच्या लोगोवर अडकलेला, आत मुलांचे फोटो, बँकेचे मेसेज, व्हॉट्सॲपवरची सगळी बोलणी, आणि काउंटरपलीकडे संगणकाला केबल लावून काहीतरी चालू असतं. ते काहीतरी म्हणजे नेमकं काय, त्यातलं घरी किती जमतं, कोणतं सॉफ्टवेअर फुकट मिळूनही पुरतं, कशासाठी पैसे मोजावेत आणि कुठल्या टप्प्यावर जाणकाराकडेच जावं, हे इथे क्रमाने सांगायचं आहे.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. सर्वसामान्यांसाठी विकलं जाणारं बाहेरच्या (फोन न बनवणाऱ्या) कंपनीचं दुरुस्ती सॉफ्टवेअर सहसा फोनमध्ये शिरायची स्वतःची वेगळी वाट काढत नाही. ॲपलने रिकव्हरी मोड ठेवला आहे, गूगलने एडीबी (संगणकावरून फोनला आज्ञा द्यायची सोय) आणि फास्टबूट (सिस्टिम सुरू होण्याआधीच फोनला आज्ञा द्यायची सोय) ठेवलं आहे, सॅमसंगने डाउनलोड मोड (नवं सॉफ्टवेअर टाकायची अवस्था) ठेवला आहे. ही सॉफ्टवेअरं त्याच दारांतून आत जातात आणि वर सोपी बटणं देतात. त्या बटणांची किंमत मोजायची की नाही हा तुमचा प्रश्न. पण आतला डेटा संगणकावर घ्यायची परवानगी फोन चालू असताना, फोनच्याच पडद्यावर, मालकालाच द्यावी लागते. म्हणून बंद पडलेल्या फोनमधला डेटा वाचणार की नाही, हे बहुतेक वेळा तो चांगला असतानाच ठरून गेलेलं असतं. या लेखाचा पहिला भाग त्यामुळेच मोठा आहे. तो कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका.

फोन चांगला असतानाच करायची तयारी

सुरुवात केबलपासून. अनेक स्वस्त केबलींमधून फक्त चार्जिंग होतं, डेटा जातच नाही. फोन जोडल्यावर संगणकावर त्याचं नाव दिसत असेल तरच ती केबल कामाची. अशी एक केबल बाजूला काढून ठेवा आणि ती थेट संगणकाच्या पोर्टला लावा, हबला नको. आयफोनमध्ये नवं सॉफ्टवेअर टाकताना येणाऱ्या ९, ४०१३ आणि ४०१४ या चुका फोनचा संपर्क मध्येच तुटला असंच सांगत असतात, आणि त्यात केबल व पोर्ट हे पहिले संशयित असतात.

आता बॅकअप. आयफोनसाठी विंडोजवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं ॲपल डिव्हायसेस किंवा जुनं आयट्यून्स चालतं. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीपासून हे काम फाइंडर करतो. फोन जोडा, 'ट्रस्ट' दाबून पासकोड टाका, आणि 'एन्क्रिप्ट लोकल बॅकअप' (बॅकअप पासवर्डने कुलूपबंद करा) ही खूण केल्याशिवाय बॅकअप सुरू करू नका. खूण नसेल तर साठवलेले पासवर्ड, वाय-फायची माहिती, कॉलची यादी आणि हेल्थ ॲपमधला डेटा बॅकअपमध्ये येत नाही. या बॅकअपचा पासवर्ड मात्र कागदावर लिहून कपाटात ठेवा. तो विसरलात तर फोनमधल्या 'रीसेट ऑल सेटिंग्ज'ने पुढचे बॅकअप नव्या पासवर्डने घेता येतात, पण आधी घेतलेला बॅकअप बंदच राहतो.

इथे बऱ्याच जणांची फसगत होते ती फोटोंच्या बाबतीत. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर आयक्लाउडवर गेलेले फोटो संगणकावरच्या बॅकअपमध्ये घेतले जात नाहीत. बॅकअपचा आकार अपेक्षेपेक्षा फारच लहान दिसला तर हेच कारण असू शकतं. फोटोंची वेगळी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या.

ॲपलचं स्वतःचं साधन बॅकअप घेतं, पण त्यातलं एकेक काढू देत नाही. शिवाय नवा बॅकअप जुन्यावरच चढतो. या दोन उणिवा भरून काढणारं सॉफ्टवेअर म्हणजे आयमेझिंग. ते जिनिव्हाच्या डिजिडीएनए या कंपनीचं, आधीचं नाव डिस्कएड. त्यात जुने बॅकअप तारखेनिहाय राहतात, बॅकअप थेट बाहेरच्या डिस्कवर घेता येतो, आणि मेसेज किंवा व्हॉट्सॲपचं संभाषण पीडीएफ करून काढता येतं. एखाद्या वादात किंवा कोर्टाच्या कामात संभाषणाची छापील प्रत हवी असेल तर हे फार उपयोगी पडतं. सॉफ्टवेअर विकतचं आहे, आणि माझ्या मते या वर्गातलं पैसे देण्यालायक असं आहे, कारण ते जादूचं आश्वासन देत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी लिबआयमोबाइलडिव्हाइस हा २००७ पासून चालू असलेला मुक्त प्रकल्प (ज्याचा आतला कोड कुणालाही पाहता-बदलता येतो असा) आहे. आज्ञा टाइप कराव्या लागतात, पण बॅकअप घेणं आणि तो परत फोनवर उतरवणं दोन्ही फुकटात होतं.

अँड्रॉइडची गोष्ट जास्त विस्कळीत आहे. सगळा फोन जसाच्या तसा संगणकावर उतरवणारी एकच सोय तिथे नाही. एडीबीमधली जुनी बॅकअपची आज्ञा अँड्रॉइड १२ पासून बहुतेक ॲप्ससाठी निरुपयोगी झाली आहे. त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी काम करा. डीसीआयएम फोल्डर, म्हणजे कॅमेऱ्याचे फोटो, पूर्ण कॉपी करा. संपर्क व्हीसीएफ (संपर्क साठवायचा फाइल प्रकार) फाइल म्हणून काढा. सॅमसंग असेल तर कंपनीचं स्मार्ट स्विच संगणकावर टाका, ते त्यातल्या त्यात पूर्ण बॅकअप घेतं.

व्हॉट्सॲपसाठी अंतर्गत स्टोरेजमधल्या 'अँड्रॉइड' फोल्डरमध्ये 'मीडिया' आणि त्यात व्हॉट्सॲपच्या नावाचं फोल्डर असतं. ते सगळंच्या सगळं कॉपी करा. त्यातली संभाषणाची फाइल कुलूपबंद असते आणि त्याच नंबरने पुन्हा नोंदणी केल्यावरच उघडते, म्हणून ती कॉपी दुसऱ्या कुणाच्या हाती लागली तरी सहज वाचता येत नाही. तुम्ही २०२१ मध्ये आलेली एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअपची सोय चालू केली असेल तर तिचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली जपून ठेवा. ती हरवली तर व्हॉट्सॲपही तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

मॅकवर अँड्रॉइड फोनची फोल्डरं आपोआप दिसत नाहीत. त्यासाठी ओपनएमटीपी हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर वापरा. विंडोजवर वेगळं काही लागत नाही. फक्त फोनच्या सूचनेत 'फाइल ट्रान्सफर' निवडायला विसरू नका.

शेवटची तयारी यूएसबी डीबगिंगची (एडीबीला फोनमध्ये येऊ देणाऱ्या सेटिंगची), आणि ती जरा विचार करून करायची आहे. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत जाऊन 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात 'यूएसबी डीबगिंग' असतं. ते चालू करून फोन घरच्या संगणकाला जोडला की 'या संगणकाला परवानगी द्यायची का' असं विचारलं जातं. अँड्रॉइड ११ पासून सात दिवस वापर झाला नाही तर ही परवानगी आपोआप रद्द होते. ती टिकवायची असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्येच ती मुदत बंद करायची सोय आहे.

हे कायम चालू ठेवावं का? ज्याच्या पडद्याला आधीच तडा गेला आहे, हिरवी रेघ आली आहे, स्पर्श मधूनच चालत नाही, त्याने आजच चालू करावं आणि फक्त घरच्या संगणकाला परवानगी द्यावी. बाकीच्यांनी बंद ठेवावं. डीबगिंग चालू असलेला फोन आणि त्याची परवानगी असलेला संगणक एकाच माणसाच्या हाती लागले, तर आतलं बरंच काही त्याला वाचता येतं.

रोजच्या वापराची साधनं, थोडक्यात

फोनचा पडदा संगणकावर आणायचा असेल तर जेनीमोबाइल या कंपनीचं एससीआरसीपीवाय हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, फोनमध्ये ॲप टाकावं लागत नाही. एकाच वाय-फायवर फाइल पाठवायला लोकलसेंड किंवा केडीई कनेक्ट पुरेसं आहे.

नव्या फोनमध्ये कंपनीने भरलेली नको असलेली ॲप्स काढायला युनिव्हर्सल अँड्रॉइड डीब्लोटर नेक्स्ट जनरेशन हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते एडीबीतून ॲप फक्त तुमच्या वापरापुरतं काढतं. मूळ प्रत फोनच्या सिस्टिममध्ये राहते आणि फॅक्टरी रीसेट केलं की परत येते. त्यात 'रेकमेंडेड' या यादीपलीकडे जाऊ नका. सिस्टिमला लागणारं एखादं पॅकेज काढलं तर पुढच्या वेळी फोन सुरूच होत नाही, आणि नको असलेल्या दोन ॲप्सपायी आख्खा फोन रीसेट करायची पाळी येते.

हात लावण्याआधी

फोन अडकला म्हणून लगेच सॉफ्टवेअर शोधायला धावू नका. अर्धा तास मूळ चार्जरवर ठेवा आणि मग सक्तीने रीस्टार्ट करा. आयफोन ८ आणि त्यापुढच्या फोनांवर आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, आवाज कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण ॲपलचा लोगो दिसेपर्यंत धरून ठेवा. बहुतेक अँड्रॉइड फोनांवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण दहा-पंधरा सेकंद एकत्र धरावं लागतं. अनेक सॉफ्टवेअरं 'रिकव्हरी मोडमधून बाहेर काढा' असं मोठं बटण दाखवतात, तेच काम सक्तीच्या रीस्टार्टनेही होतं.

फोन पाण्यात पडला असेल तर मात्र चार्जरलाही लावू नका आणि संगणकालाही जोडू नका. ते काम बोर्ड उघडणाऱ्याचं. जोरात आपटल्यानंतर बंद पडलेल्या फोनलाही सॉफ्टवेअरने फरक पडायची शक्यता कमी असते.

आयफोन: पायरीपायरीने

१. संगणकावर ॲपल डिव्हायसेस, आयट्यून्स किंवा फाइंडर उघडा आणि फोन केबलने जोडा.

२. आयफोन ८ आणि पुढच्यांसाठी सक्तीच्या रीस्टार्टचाच क्रम करा, पण ॲपलचा लोगो आल्यावर बटण सोडू नका. संगणक आणि केबलचं चित्र दिसेपर्यंत धरून ठेवा. आयफोन ७ वर आवाज कमी करायचं बटण आणि बाजूचं बटण एकत्र, त्याआधीच्यांवर होम आणि पॉवर एकत्र.

३. संगणकावर दोन पर्याय येतात: 'अपडेट' आणि 'रीस्टोअर'. 'अपडेट' दाबा. यात सिस्टिम नव्याने टाकली जाते आणि डेटा जागेवर राहतो. 'रीस्टोअर' सगळं पुसतं. घाईत चुकीचं बटण दाबलं जाण्याची हीच जागा आहे, इथे क्षणभर थांबून वाचा.

४. फाइल काही गीगाबाइटची असते. डाउनलोडला १५ मिनिटांपेक्षा जास्त लागली तर फोन स्वतःच रिकव्हरी मोडमधून बाहेर पडतो. घाबरू नका. डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि दुसरी पायरी पुन्हा करा. गावाकडच्या संथ इंटरनेटवर हे हमखास होतं.

५. ३१९४ ही चूक आली तर संगणक ॲपलच्या सर्व्हरपर्यंत पोहोचलेला नाही. ऑफिसचं नेटवर्क, व्हीपीएन किंवा अँटीव्हायरस आडवा येत असतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पुन्हा करून पाहा.

'अपडेट' पुन्हा पुन्हा फसत असेल तर फोनची जागा काठोकाठ भरलेली असू शकते. अशा वेळी लोक पैसे भरून 'डेटा न गमावता दुरुस्ती' देणारं सॉफ्टवेअर घेतात. ते कसं चालतं हे कळलं की निर्णय सोपा होतो. असं सॉफ्टवेअर ॲपलचीच आयपीएसडब्ल्यू फाइल (आयफोनची सिस्टिम असलेली) उतरवतं आणि डेटा राखून टाकायचा प्रयत्न करतं. ॲपल प्रत्येक फोनसाठी ती आवृत्ती टाकायला सर्व्हरवरून सही (मंजुरी) देतं, आणि नवी आवृत्ती आली की काही दिवसांत जुनीची सही थांबवतं. म्हणून 'कुठल्याही जुन्या आयओएसवर परत न्या' ही जाहिरात खोटी समजावी. वर सांगितलेला 'अपडेट' दोन वेगळ्या केबलींवर आणि दोन वेगळ्या संगणकांवर फसला असेल, तरच अशा सॉफ्टवेअरचा विचार करा. त्याआधी विंडोजवर थ्रीयूटूल्स पाहा. ते मोफत आहे आणि फ्लॅश करताना (म्हणजे सिस्टिम नव्याने टाकताना) 'डेटा राखून ठेवा' हा पर्याय देतं. फ्लॅश सुरू करण्याआधी ती खूण आहे ना, हे दोनदा बघा.

जुना आयफोन विकत घेतानाही थ्रीयूटूल्स कामी येतं. त्यातला पडताळणी अहवाल बॅटरीची आवर्तनं (ती किती वेळा पूर्ण वापरून चार्ज झाली) आणि मूळ भागांचे क्रमांक दाखवतो. अहवालावर डोळे झाकून विश्वास मात्र ठेवू नका. बॅटरीत साठवलेले आकडे बदलणारी उपकरणं दुरुस्तीच्या बाजारात मिळतात. आकडा कोरा करकरीत आणि फोन तीन वर्षांचा, असं दिसलं तर बॅटरी बदलली का हे सरळ विचारा.

रिकव्हरीनेही काही होत नसेल तर डीएफयू मोड (सिस्टिम सुरू न होताच संगणकाशी बोलणारी, रिकव्हरीच्याही खालची अवस्था) राहतो. आयफोन ८ आणि पुढच्यांवर आवाज वाढवणारं बटण दाबून सोडा, कमी करणारं दाबून सोडा, बाजूचं बटण पडदा काळा होईपर्यंत साधारण दहा सेकंद धरा. मग त्यासोबत आवाज कमी करणारं पाच सेकंद धरा, बाजूचं सोडा आणि दुसरं आणखी दहा सेकंद धरून ठेवा. पडदा पूर्ण काळा राहिला आणि संगणकाने फोन ओळखला तर जमलं. इथून रीस्टोअरच होतं, डेटा जातो. बॅकअप नसेल तर या पायरीवर यायची घाई करू नका. फोन दोन दिवस तसाच पडून राहिला तर त्याचं काही बिघडत नाही. आणि डीएफयूमध्येही संगणकाला काहीच दिसत नसेल तर बिघाड चार्जिंग जॅकमध्ये किंवा बोर्डावर असण्याचीच शक्यता जास्त. आणखी सॉफ्टवेअर शोधण्यात वेळ घालवू नका.

अँड्रॉइड: प्रत्येक कंपनीचा वेगळा संसार

सुरू होता होता बंद पडणारा फोन आधी सेफ मोडमध्ये (बाहेरून टाकलेली ॲप्स बंद ठेवून फोन सुरू होतो ती अवस्था) नेऊन पाहा. नुकतंच टाकलेलं एखादं ॲप गोंधळ घालत असेल तर ते तिथून काढता येतं. रिकव्हरीच्या यादीत 'वाइप कॅश पार्टिशन' दिसलं, जसं सॅमसंगवर दिसतं, तर ते निर्धास्त करा, त्याने डेटा जात नाही. त्याच यादीतलं 'वाइप डेटा' किंवा 'फॅक्टरी रीसेट' म्हणजे सगळ्याचा निरोप. दोन्ही ओळी जवळजवळ असतात.

पिक्सेलवाल्यांचं नशीब चांगलं. गूगल पूर्ण ओटीए (सिस्टिम अपडेटच्या) फाइली खुल्या ठेवतं आणि रिकव्हरीतल्या 'अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी'मधून त्या टाकता येतात. बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा, सहसा कुलूपबंद असलेला प्रोग्राम) उघडावा लागत नाही, डेटा राहतो. फाइल फोनवर असलेल्या आवृत्तीइतकी किंवा तिच्याहून नवी हवी.

सॅमसंगसाठी दुकानदार ओडिन वापरतात. ते सॅमसंगचं अंतर्गत साधन, सर्वसामान्यांसाठी कधीच अधिकृतपणे दिलेलं नाही. त्यामुळे इंटरनेटवर त्याच्या नावाखाली काहीही खपवलं जातं. डाउनलोड केलेली फाइल अँटीव्हायरसमधून तपासल्याशिवाय उघडू नका. मुक्त पर्याय हाइमडाल, पण तो नव्या फोनांवर अनेकदा अडतो.

ओडिनने फर्मवेअर (फोनचं मूळ सॉफ्टवेअर) टाकायचं तर आधी नेमकं मॉडेल आणि प्रदेशाचा कोड बघा. फ्रिजासारखं साधन सॅमसंगच्याच सर्व्हरवरून नेमकी फाइल उतरवतं, म्हणून अनोळखी संकेतस्थळांपेक्षा ते बरं. उतरवलेल्या फाइलीत बीएल, एपी, सीपी असे भाग असतात आणि शेवटी दोन भावंडं: सीएससी आणि होम सीएससी. सीएससी टाकलं तर फोन पुसला जातो. होम सीएससी टाकलं तर डेटा राहतो. दुकानात "डेटा जाईल" असं ऐकवलं जातं तेव्हा अनेकदा यातली कोणती फाइल निवडली एवढाच प्रश्न असतो.

आवृत्तीच्या नावात शेवटून पाचवं अक्षर बूटलोडरची पायरी सांगतं. फोनवर आहे त्याहून खालची पायरी फोन स्वीकारत नाही. फोन बंद करून, आवाजाची दोन्ही बटणं धरून केबल लावली की नव्या मॉडेलांवर डाउनलोड मोड येतो. सगळे भाग आपापल्या रकान्यात टाका, 'री-पार्टिशन'ची खूण नाही ना हे बघा, मग 'स्टार्ट' दाबा आणि संपेपर्यंत केबलला हात लावू नका. लॅपटॉप चार्जरवर असू द्या. फर्मवेअर अधिकृत असेल तर नॉक्सला (सॅमसंगच्या सुरक्षाव्यवस्थेला) धक्का लागत नाही. पण बाहेरचं काही टाकलंत तर फोनमधला एक फ्यूज कायमचा उडतो आणि सिक्योर फोल्डरसारख्या सोयी त्या फोनवर पुन्हा चालत नाहीत.

शाओमीच्या फोनांसाठी 'मी फ्लॅश' (Mi Flash) हे साधन आहे, पण फास्टबूटमधून फ्लॅश करायला बूटलोडर उघडा लागतो, आणि तो उघडताना डेटा पुसला जातो. म्हणजे आधीपासून उघडा नसेल तर डेटा वाचवण्यासाठी हा मार्ग निरुपयोगी. 'मी फ्लॅश'च्या तळाशी तीन पर्याय असतात. त्यातला 'क्लीन ऑल अँड लॉक' फार सांभाळून बघा. चीनसाठी विकलेल्या फोनवर ग्लोबल आवृत्ती टाकताना तो चुकून निवडलेला राहिला तर फोन कुलूपबंद होतो आणि सुरू व्हायला नकार देतो. मोटोरोलासाठी कंपनीचंच 'सॉफ्टवेअर फिक्स' हे साधन मोफत आहे; दुरुस्ती होते, डेटा जातो.

पडदा गेला, फोन चालू आहे

रिंग वाजते, कंप जाणवतो, पण काही दिसत नाही. हा प्रसंग घरोघरी येतो. यूएसबी डीबगिंग चालू आणि संगणकाला परवानगी दिलेली असेल तर एससीआरसीपीवाय उघडा, फोन संगणकाच्या पडद्यावर येईल, माउसने चालवा आणि आधी फोटो काढून घ्या. दिसतंय पण स्पर्श चालत नाही, तर ओटीजी ॲडॉप्टरला (फोनला यूएसबीच्या वस्तू जोडून देणारा छोटा जोड) साधा माउस लावला तरी बाण येतो, परवानगी लागत नाही. परवानगीही नाही आणि दिसतही नाही, तर फोनमधून व्हिडिओ बाहेर काढता येतो का बघा. सॅमसंगच्या महागड्या एस मालिकेत आणि आयफोन १५ पासून पुढे यूएसबी-सीमधून एचडीएमआयवर चित्र मिळतं.

आयफोनवर आणखी एक अडचण आहे. अलीकडच्या आयओएसमध्ये आधी विश्वास दिलेल्या संगणकावरही बॅकअप सुरू करताना फोनवर पासकोड टाकावा लागतो. म्हणून दुकानदाराला सांगा, नवा फोल्डर (काचेसह पडद्याचा भाग) बसवायचा की नाही ते नंतर ठरवू, आधी एक चालू फोल्डर तात्पुरता जोडून द्या. बॅकअप होईपर्यंत तिथेच बसा.

पैसे देण्याआधी

डिलीट झालेले फोटो परत मिळवून देण्याच्या जाहिरातींवर लोकांचा सर्वांत जास्त पैसा वाया जातो, म्हणून हे नीट सांगतो. अँड्रॉइड १० पासून बाजारात येणाऱ्या नव्या फोनांवर फाइलनिहाय एन्क्रिप्शन (प्रत्येक फाइल किल्लीने कुलूपबंद करणं) सक्तीचं आहे, आयफोनवर त्याच्याही आधीपासून आहे. अंतर्गत स्टोरेजमधून फाइल खरोखर पुसली गेली की बाहेरच्या सॉफ्टवेअरला तिथे वाचण्याजोगं काही सापडत नाही. तपासणी फुकट आणि परत मिळवायला पैसे, असा ज्यांचा व्यवहार आहे ती सॉफ्टवेअरं तपासणीत बरेचदा फोनवर आधीच असलेले फोटो आणि लघुचित्रंच मोजून दाखवतात. आधी फोटोज ॲपमधलं 'रीसेंटली डिलीटेड' आणि गूगल फोटोजची 'ट्रॅश' बघा. आयफोनवर साधारण ३० दिवस आणि गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस तिथे राहतात.

मेमरी कार्ड मात्र वेगळं. कार्डावरचे फोटो गेले तर कार्ड ताबडतोब काढा, त्यावर आणखी काही लिहिलं जाऊ देऊ नका, कार्ड रीडरने संगणकाला लावा आणि फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. मिळालेल्या फाइली त्याच कार्डावर ठेवू नका, संगणकाच्या डिस्कवर ठेवा. फाइलींची मूळ नावं येत नाहीत, फोटो येतात. कार्ड फोनच्या अंतर्गत स्टोरेजशी जोडून फॉरमॅट केलेलं असेल तर ते एन्क्रिप्ट झालेलं असतं, तिथे हा उपायही चालत नाही.

सॉफ्टवेअर विकत घ्यायचंच ठरलं तर ते बनवणाऱ्याच्याच संकेतस्थळावरून घ्या, आपोआप नूतनीकरणाची खूण काढा आणि परताव्याची अट वाचा. फुकट चालणाऱ्या 'क्रॅक' प्रतीला हात लावू नका. ज्या संगणकावर तुमच्या फोनचा आख्खा बॅकअप आहे, त्याच संगणकावर तुम्ही अनोळखी माणसाने फोडलेलं सॉफ्टवेअर चालवत असता.

कुलूप तोडून देणाऱ्यांपासूनही सावध राहा. ॲपलचं ॲक्टिव्हेशन लॉक २०१३ पासून आहे आणि गूगलचं फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन २०१५ पासून; ही कुलुपं पुसलेला फोन मालकाच्या खात्याशिवाय सुरू होऊ देत नाहीत. फोन तुमचाच असेल आणि मूळ बिल असेल तर ॲपलकडून कुलूप काढून मिळवता येतं, गूगल खातं परत मिळवता येतं. आयएमईआय (फोनचा १५ अंकी ओळख क्रमांक) बदलून देणाऱ्याच्या तर वाटेलाही जाऊ नका. दूरसंचार कायदा २०२३ नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुकानात देताना आणि परत घेताना

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यातल्या बुधवार पेठेत बोर्ड उघडणारे हात मिळतात, आणि घरच्या संगणकावर न होणारं बरंच काही तिथे होतं. फोन देताना तीन प्रश्न विचारा. डेटा राखणारी फाइल टाकणार की पुसणारी? पासकोड कशासाठी हवा आहे, तपासणी माझ्यासमोर करता येईल का? आणि फोन उघडणार असाल तर कोणता भाग बदलणार? सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, आयएमईआय लिहून ठेवा.

फोन परत आला की *#०६# दाबून आयएमईआय खोक्यावरच्याशी जुळवा. जुना फोन विकत घेतला असेल तर केवायएम (KYM) लिहून, जागा सोडून, १५ अंकी आयएमईआय १४४२२ वर एसएमएस करा किंवा संचार साथी पोर्टलवर तपासा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन तिथे कळतो. अँड्रॉइडवर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन 'रिव्होक यूएसबी डीबगिंग ऑथोरायझेशन्स' दाबा, म्हणजे दुकानातल्या संगणकाला दिलेली परवानगी जाते. आयफोनवर 'रीसेट लोकेशन अँड प्रायव्हसी' केलं की आधी विश्वास दिलेले सगळे संगणक विसरले जातात. दुकानात पासकोड सांगितला असेल तर तो बदला. मग घरच्या संगणकाला फोन जोडा, पुन्हा परवानगी द्या आणि नवा बॅकअप लगेच घ्या.